लाकूड जिथे भिंतीला भेटतं

अमेरिकेत घरामागे लाकडी डेक बांधायचा ठरला की पहिलं हत्यार हातात घ्यावं लागतं ते टेलिफोनचं. करवत, ड्रिल, ओळंबा हे सगळं नंतर. ८११ हा नंबर फिरवायचा, अंगणात नेमकं कुठे खणणार ते सांगायचं आणि दोन-तीन दिवस थांबायचं. मग वीज, गॅस, पाणी, टेलिफोन अशा कंपन्यांची माणसं येतात आणि आपापल्या तारा-नळ कुठून गेलेत ते गवतावर रंगाने आखून जातात. विजेला लाल, गॅसला पिवळा, टेलिफोन-केबलला नारिंगी, पिण्याच्या पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा. २००७ पासून हा एकच नंबर देशभर चालतो आणि घरमालकाला त्याचा एक पैसाही पडत नाही. हिरवळीवर उमटलेल्या त्या रंगीत रेघा पाहिल्या की आपण ज्याला नुसतं अंगण म्हणत होतो, त्याच्या पोटात किती काय दडलंय ते कळतं.

न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन या भागांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात येतो. तिथल्या पुष्कळ घरांच्या मागच्या बाजूला काचेचं सरकतं दार असतं आणि दारापासून जमीन तीन-चार फूट खाली. मधली पोकळी भरून काढायला दहा फूट रुंद, बारा फूट लांब असा लाकडी चौथरा, तीन-चार पायऱ्या आणि तीन बाजूंनी कठडा एवढं पुरतं. थंडीत खिडकीशी ठेवलेली तुळस मे महिन्यात तिथे मुक्कामाला येते. ऑक्टोबरात हवा बरी असली तर कोजागिरीचं दूधही तिथेच आटतं.

डेक ही तशी अमेरिकेतलीही फार जुनी गोष्ट नव्हे. जुन्या घरांना पुढच्या बाजूला पोर्च असे, रस्त्याकडे तोंड असलेला, आपल्या ओट्यासारखा. जाणारा-येणारा दिसायचा, दोन शब्द व्हायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, मोटारी वाढल्या आणि बसण्याची जागा घराच्या मागे गेली. कॅलिफोर्नियात थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने रेडवूडच्या फळ्यांचे चौथरे झाडांच्या बुंध्यांभोवती, उतारांवर बांधले. १९५५ साली आलेल्या त्याच्या ‘गार्डन्स आर फॉर पीपल’ या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी पोचवायला हातभार लावला. पण रेडवूड महाग, आणि ते पश्चिम किनाऱ्यावरचं. सामान्य माणसाला परवडणारा डेक उभा राहायला एका वेगळ्याच गोष्टीची गरज होती, आणि ती डेहराडूनहून आली. तिच्याकडे वळण्याआधी खड्डे खणायला हवेत.

खड्डे अवाक व्हावं इतके खोल लागतात. शिकागोत पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो, म्हणजे जवळजवळ कमरेपेक्षा वर. कारण भार नव्हे, बर्फ. हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते. मातीतलं पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं, खालचं पाणी वर ओढून घेतं आणि बर्फाचे थर वाढत जातात. पाया त्या थरात उथळ असेल तर खांब वर उचलला जातो आणि वसंतात बर्फ वितळला की वेडावाकडा खाली बसतो. चार-पाच हिवाळ्यांत डेक तिरपा, दार अडकलेलं. म्हणून गोठण्याची रेषा ओलांडून खाली जायचं. फ्लोरिडात ही रेषा जवळपास नसतेच. खड्डे खणून झाले तरी लगेच काँक्रीट ओतता येत नाही. बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचा तपासनीस येतो, टेपने खोली मोजतो, तळाची माती घट्ट आहे का ते पाहतो आणि मगच होकार देतो.

काँक्रीट भरल्यावर त्यावर खांब उभा करायचा तोही थेट नाही. मध्ये धातूची बैठक असते, लाकडाचा तळ काँक्रीटपासून साधारण इंचभर उचलून धरणारी. पुण्या-साताऱ्याकडचा जुना वाडा पाहिलेल्या माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. वाड्यातला प्रत्येक सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. तळखडा कोरीव असतो, शोभेचा वाटतो, पण त्याचं पहिलं काम लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर ठेवण्याचं. लाकडाच्या आडव्या अंगापेक्षा त्याचं कापलेलं टोक कितीतरी भराभर पाणी पितं. खांबाचं तेच टोक खाली असतं. हे पेशव्यांच्या काळातल्या सुताराला ठाऊक होतं आणि शिकागोच्या तपासनीसालाही ठाऊक आहे.

खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. वाड्यातल्या माडीच्या जमिनीला आपण कडीपाट म्हणतो, तीच ही रचना. फरक एवढाच की कडीपाट छपराखाली राहतो आणि डेक बारा महिने उघड्यावर. पुण्यात बाजीराव दुसऱ्यांनी १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी लाकडी सज्जा आजही डोळ्यांत भरतो, आणि त्याच्यावर छपराची वळचण आहे. कोकणातलं घर तर पावसाळ्याआधी पडवीला झापं बांधतं, झड आत येऊ नये म्हणून. आपल्याकडे उघड्या आभाळाखाली लाकडाची जमीन करायची कुणाला बुद्धी झाली नाही, कारण चार महिन्यांच्या पावसात ती काय टिकणार? आणि पावसातून वाचलंच तर वाळवी आहेच.

हाच प्रश्न डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेपुढे होता. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत हिंदुस्थानच्या रानांतल्या लाकडांचा अभ्यास चाले. सागवान स्वतःच्या तेलावर तग धरतं, पण प्रत्येक कामाला सागवान कुठून आणणार? चीड किंवा दुसरं कुठलं स्वस्त लाकूड खांबाला, पुलाला वापरलं की काही वर्षांत भुगा. लाकडात विषारी क्षार मुरवण्याचे प्रयोग जगभर चालू होते. कोळशाच्या डांबरापासून काढलेलं क्रिओसोट १८३८ पासून, जॉन बेथेलने पेटंट घेतल्यापासून, रेल्वेच्या स्लीपरांत दाबाने भरलं जात होतं. पण क्रिओसोट काळं, चिकट, वासाचं. घरात कोण वापरणार? पाण्यात विरघळणारे क्षार स्वच्छ असतात, मात्र ते पाण्यात विरघळतात म्हणूनच पावसात वाहून जातात.

सोंटी कामेशम या भारतीय अभियंत्याने १९३३ मध्ये त्यावर तोड काढली. तांबं, आर्सेनिक आणि क्रोमियम असे तीन घटक त्यांनी एकत्र आणले. तांबं बुरशीला मारतं. आर्सेनिक वाळवीला आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीलाही मारतं. क्रोमियमचं काम सगळ्यात हुशारीचं. ते लाकडाच्या तंतूंशी रासायनिक क्रिया करून बाकीच्या दोघांना तिथे बांधून टाकतं, म्हणजे द्रावण आत जाताना पाण्यासारखं असतं आणि आत गेल्यावर सहजी धुपत नाही. मिश्रणाचं बाजारातलं नाव ‘आस्कू’, आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक चिन्हांवरून घेतलेलं. १९३८ मध्ये त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. पुढे हेच मिश्रण सीसीए या आद्याक्षरांनी ओळखलं जाऊ लागलं आणि जगभर विजेच्या खांबांपासून कुंपणापर्यंत गेलं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे यलो पाइन अमाप उगवतो. तो झपाट्याने वाढतो, स्वस्त असतो आणि उघड्यावर टाकला तर लवकर कुजतो. त्याचा बाहेरचा भाग मात्र द्रावण छान शोषून घेतो. लांबलचक लोखंडी टाकीत रुळांवरून लाकडाची गाडी ढकलायची, झाकण बंद करून आतली हवा खेचून घ्यायची, द्रावण सोडायचं आणि दर चौरस इंचाला दीडशे पौंडांपर्यंत दाब द्यायचा. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या चौपटीहून जास्त. बाहेर येतं ते हिरवट झाक असलेलं जडशीळ लाकूड. १९७० च्या दशकापासून हे लाकूड गावोगावच्या दुकानांत मिळू लागलं आणि परसदारी डेक बांधणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. वाळवी आणि पावसाच्या देशात शोधलेल्या द्रावणाने दुसऱ्या गोलार्धातल्या लाखो घरांची मागची बाजू बदलली. कामेशम यांचं नाव महाराष्ट्रातल्या शाळेतल्या किती मुलांच्या कानावर पडतं? ते पडायला हवं.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आर्सेनिक ते आर्सेनिकच. थोडंफार पाझरून मातीत उतरतं, लाकडावर खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागतं. झोपाळे आणि घसरगुंड्याही याच लाकडाच्या असायच्या. पालकांची आणि शास्त्रज्ञांची काळजी वाढली, पर्यावरण खात्याशी बोलणी होऊन उत्पादकांनी माघार घेतली आणि ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती वापरासाठी सीसीए लाकूड तयार करणं अमेरिकेत थांबलं. जुने डेक उखडून टाका असं मात्र कुणी सांगितलं नाही. एवढं बजावलं की ते लाकूड कधीही जाळू नका, कारण राख आणि धूर दोन्ही विषारी, आणि कापताना तोंडावर मास्क बांधा. जुनं घर घेणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं. पडक्या डेकच्या फळ्या शेकोटीत घालायचा मोह होतो.

आताच्या लाकडात आर्सेनिक नाही, त्याऐवजी तांबं जास्त आहे. त्यातून एक नवी भानगड निघाली. एवढं तांबं ओल्या लाकडात असलं की साधा लोखंडी खिळा भराभर गंजतो आणि अॅल्युमिनियमचा पत्राही खाल्ला जातो. म्हणून खिळे, बोल्ट, कड्या अडकवायचे हँगर हे सगळं जस्ताचा जाड थर दिलेलं किंवा स्टेनलेस स्टीलचं लागतं. वीस डॉलर वाचवायला साधे स्क्रू घेतले तर लाकूड शाबूत आणि स्क्रू गायब, अशी वेळ येते. दुसरी चूक याहून साधी. फळी कापली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं, कारण द्रावण गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. त्या टोकाला तांब्याचं औषध ब्रशने लावायचं असतं. दोन मिनिटांचं काम, आणि घाईत सगळ्यात आधी तेच राहून जातं.

आता भिंत. डेकची एक बाजू खांबांवर असते आणि दुसरी बहुधा घरावरच टेकलेली. घराच्या भिंतीला एक जाड फळी आडवी ठोकतात, तिला लेजर म्हणतात, आणि कड्यांची टोकं तिच्यात अडकवतात. हिशोब करून पाहावा. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट. नियमाप्रमाणे दर चौरस फुटाला ४० पौंड माणसांचा आणि सामानाचा भार धरायचा, वर लाकडाचं स्वतःचं वजन १० पौंड. एकूण ६,००० पौंड, म्हणजे पावणेतीन टनांच्या जवळपास. त्यातला निम्मा त्या एका फळीवर. तरीही कित्येक जुन्या डेकांना ही फळी नुसत्या खिळ्यांनी मारलेली सापडते. खिळा आडव्या जोराला चांगला उभा राहतो, पण बाहेर ओढला तर सुटतो. डेक कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा तो भिंतीपासूनच सुटलेला असतो. अर्ध्या इंचाचे बोल्ट, ठरलेल्या अंतरावर, घराच्या आतल्या भक्कम लाकडात गेलेले, याला पर्याय नाही. अमेरिकेतल्या अनेक घरांची वीटही फसवी असते. ती एकपदरी, नुसती दर्शनी, आत लाकडी सांगाडा. तशा विटेला लेजर लावायचा नाही. तिथे भिंतीकडूनही खांब देऊन डेक स्वतःच्या पायांवर उभा करायचा.

बोल्टइतकाच महत्त्वाचा एक वाकवलेला पत्रा. लेजर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पाणी शिरू नये म्हणून तो भिंतीच्या आवरणाखाली सरकवून फळीवरून खाली आणायचा. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला तिथे जगता येत नाही. उघड्या फळीवर पाऊस पडतो, ऊन येतं, ती वाळते. फटीतलं पाणी वाळत नाही. गिरगाव-लालबागच्या चाळींत वाढलेल्यांना हे सांगायला नको. गॅलरीच्या फळ्या वर्षानुवर्षं पाय सोसतात आणि कुजतं ते कडीचं भिंतीत गेलेलं टोक. मग टेकू येतो. मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये कायदा करून मंडळ नेमावं लागलं. त्या वेळी अशा इमारती साडेएकोणीस हजारांहून जास्त होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर यंदा कुठली गॅलरी, ही धास्ती या शहराने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सज्ज्यात जमलेल्या मुलांना तसली धास्ती असण्याचं काहीच कारण नव्हतं. इमारत नवीच होती. १६ जून २०१५ च्या मध्यरात्रीनंतर एकविसाव्या वाढदिवसाची पार्टी चालू होती, आयर्लंडहून सुट्टीत कामाला आलेले विद्यार्थी लहानशा सज्ज्यात उभे होते आणि सज्जा भिंतीपाशी मोडून खाली लटकला. सहा जण गेले, सात जखमी झाले. तपासात निघालं ते असं: भिंतीतून बाहेर आलेल्या कड्या आत अडकलेल्या पाण्याने कुजल्या होत्या. बाहेरून काहीही दिसत नव्हतं, कारण त्या खालूनही बंद केलेल्या होत्या. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या भाड्याच्या इमारतींतले लाकडी सज्जे आणि जिने दर सहा वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे. बर्कलीच्या दुर्घटनेच्या बारा वर्षं आधी, २९ जून २००३ च्या मध्यरात्रीनंतर, शिकागोच्या लिंकन पार्क भागात तीनमजली लाकडी सज्जा गर्दीखाली कोसळला होता. तेरा तरुण गेले. बांधकामाला परवाना नव्हता, ते हवं त्यापेक्षा मोठं होतं आणि त्याला आधार पुरेसा नव्हता, असं शहर प्रशासनाने सांगितलं. परवान्याचा कागद म्हणजे डोकेदुखी, असं वाटणाऱ्याने या दोन तारखा लिहून ठेवाव्यात.

लेजर पक्का बसल्यानंतरचं सुतारकाम मात्र आनंदाचं आहे. सूत लावायचं, सहा-आठ-दहाच्या मापाने काटकोन काढायचा, दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत हलवत राहायचं. आपला गवंडी तीन-चार-पाच म्हणतो, तेच दुप्पट. सोळा-सोळा इंचांवर दहा कड्या बसतात. प्रत्येक कडी डोळ्यासमोर धरून तिचा बाक कुठे आहे ते पाहायचं आणि तो वरच्या अंगाला ठेवायचा, म्हणजे भाराने ती सरळ होते. मग साधारण बावीस फळ्या आणि साडेचारशेच्या आसपास स्क्रू. ओलं लाकूड घेतलं असेल तर फळ्या चिकटूनच लावायच्या, वाळताना आकसून फट आपोआप पडते. दोन माणसं असतील तर शनिवार-रविवारच्या दोन-तीन फेऱ्यांत जमीन तयार होते. पाणसळ ठेवली की बुडबुडा मध्यावर, आणि कमरेची आठवण दुसऱ्या दिवशी.

फळ्या कशाच्या, यावर दुकानात तासभर बोलता येतं. पाइन स्वस्त. पश्चिमेकडचा सीडर हलका आणि सुगंधी. ब्राझीलचा इपे पाण्यात बुडेल इतका जड आणि दशकानुदशकं टिकणारा, पण त्यासाठी अॅमेझॉनचं रान तुटतं. नोव्हेंबर २०२४ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराची नजर आहे. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या फळ्या १९९० च्या दशकापासून बाजारात आहेत. त्या कुजत नाहीत, रंगवाव्या लागत नाहीत, उन्हात मात्र अनवाणी पायाला चटका देतात. एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही: वरच्या फळ्या कशाच्याही असोत, खालचा सांगाडा बहुधा त्या हिरवट पाइनचाच असतो. पन्नास वर्षं टिकणारी जमीन पंधरा वर्षांच्या कड्यांवर घालण्यात शहाणपण नाही.

राहिला कठडा. जमिनीपासून ३० इंचांहून उंच डेकला तो सक्तीचा आणि किमान ३६ इंच उंच. दोन गजांमधून चार इंच व्यासाचा चेंडू जाता कामा नये. हा चेंडू म्हणजे तान्ह्या मुलाचं डोकं. पूर्वी सहा इंच चालत. कठड्याच्या वरच्या दांडीने कुठल्याही बिंदूवर २०० पौंडांचा जोर सोसला पाहिजे. एक जाडजूड माणूस पाहुण्यांशी हसत-बोलत मागे रेलला तर इतका जोर सहज येतो.

खांब जाड घेतला की झालं, असं कुणालाही वाटेल. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले लाकूड-अभियंते जो लोफर्स्की आणि फ्रँक वोस्टी यांनी हा खांबच प्रयोगशाळेत ओढून पाहिला. सुरक्षिततेचा वाव धरून त्यांनी ५०० पौंडांची कसोटी लावली. नुसत्या बोल्टांनी कडेच्या फळीला जोडलेले खांब त्या कसोटीला उतरले नाहीत. खांब मोडत नव्हता, त्याला धरणारी फळी कड्यांपासून उपटून येत होती. पहारीसारखं गणित आहे हे. हात तीन फुटांवर, टेकू पाच-सहा इंचांवर, त्यामुळे वरच्या बोल्टवर जोर सात-आठ पट होतो. उत्तर होतं एक जाड पोलादी कोनी, खांबाच्या बोल्टला धरून मागच्या कडीत खोलवर जखडलेली. ती लावल्यावर खांब टिकले. हौशी बांधणारे खांब नीट बसावा म्हणून त्याला खाच पाडत, दिसायला सुबक. ती खाचही आता नियमांनी नाकारली आहे, कारण जिथे सगळ्यात जास्त ताण तिथेच लाकूड अर्धं करून ठेवलेलं असतं.

अमेरिकेत मे महिना डेक-सुरक्षेचा महिना म्हणून पाळतात. बर्फ गेलेलं असतं, पहिली पाहुणेमंडळी यायची असतात. त्या आधीच्या एखाद्या सकाळी जुने कपडे घालायचे, एक टॉर्च आणि एक पेचकस घ्यायचा आणि डेकखाली आडवं सरकायचं. वरून फळ्या कितीही चकचकीत असोत, काम खालचं आहे. लेजरच्या वरच्या कडेला, हँगरच्या पोटात, पायऱ्यांच्या टोकाला, खांबाच्या बुडाशी पेचकसाचं टोक दाबून पाहायचं. चांगलं लाकूड टणक लागतं, टोक अडतं. कुजलेलं असेल तर ते अर्धा इंच मऊपणे आत जातं आणि काढताना ओली, तपकिरी चिंधी सोबत येते. गंजलेल्या बोल्टखाली लालसर ओघळ उतरलेला दिसतो. मग वर यायचं, कठड्याचा प्रत्येक खांब दोन्ही हातांनी धरून अंगाच्या जोराने बाहेर ढकलायचा, आणि जो जरा जरी हलला त्याच्या डोक्यावर खडूने फुली मारायची. त्या फुल्यांची दुरुस्ती होईपर्यंत तुळस घरातच.